अठरा नंबरची टोपी

नेर,
८ डिसेंबर २०२४

घनश्यामभाऊ, सप्रेम जय भीम.

व्यायामाच्या ममता मॅडमनी सांगितलं तसं मोठ्या अक्षरात लिहायला बसलो आहे. रोज एक पान, दोन रेघांत एक ओळ. आपला आजार अक्षर बारीक करतो म्हणून हा उपाय. पण स्वतःशीच रोज काय लिहायचं? माझी नात उर्वशी म्हणाली, "आबा, तुमच्या कळंबच्या दोस्ताले लिहा ना." म्हणून हे पत्र.

फोन केला असता, पण मागच्या खेपेला आपण फोनवर काय बोललो ते आठवा. मी म्हणालो "हॅलो", तुम्ही म्हणालात "कोण?", आणि शेवटपर्यंत तेवढंच चाललं. दोघांचेही गळे गेलेले. कंपवाताने हात हलवला याचं मला एवढं वाटत नाही, आवाज नेला याचं वाटतं. जन्मभर एसटीत कंडक्टर होतो. नेरच्या स्टँडवर 'यवतमाळ, यवतमाळ' असा पुकारा केला की कँटीनमधला माणूस अर्धा चहा टाकून धावत यायचा. आता घरात पाणी मागितलं तरी सून टीव्ही बंद करते आणि विचारते, "काय म्हणता बाबा?"

यवतमाळला त्या खुर्चीत आपण दोन आठवडे बसून आलो. डोकं फोडायचं नाही, सुई नाही, नुसतं चुंबकाचं मशीन कपाळाशी धरायचं, हे ऐकून मी हुरळून गेलो होतो. आता महिना होत आला. तुम्हाला काही फरक आहे का? मला तर एवढंच आठवतं की अठरा नंबरची पांढरी टोपी घातली की डोक्यावर कोणी टिचक्या मारत बसल्यासारखं व्हायचं. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, निम्म्या लोकांना खरं मशीन आणि निम्म्यांना नुसता आवाज करणारं. कोणाला कोणतं ते त्यांनाही माहीत नसतं म्हणे. मला वाटतं मी आवाजवाल्यांत गेलो.

मी सही केली ती एकाच गोष्टीसाठी. उर्वशीचं लग्न ठरत आहे. आमच्या वस्तीतल्या बहुतेक लग्नांत त्रिशरण, पंचशील आणि मंगल गाथा मीच म्हणत आलो. माझ्या नातीच्या लग्नात ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची वेळ येऊ नये, एवढंच.

तुमचा
उकंडा


कळंब,
१९ डिसेंबर २०२४

उकंडा, राम राम.

पुन्हा 'तुम्ही' लिहिलंस तर पत्र न वाचता परत पाठवीन. दवाखान्याच्या बाकावर एका डब्यातली भाकर खाल्ली ती काय 'तुम्ही' ऐकायला?

तुझं अक्षर बघून मात्र बरं वाटलं. नोव्हेंबरात तू माझ्या वहीवर पत्ता लिहून दिला होतास, तो वाचायला मला सुनेला बोलवावं लागलं. हे पत्र मी एकट्याने वाचलं. तुझा अभ्यास चांगला चालला आहे.

आता माझं ऐक. मंगळवारी चिंतामणीच्या देवळात गेलो. खालपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या उतरलो आणि वर आलो, कोणाचा हात न धरता. शकुबाई मागून ओरडत होती, "अवो, पडसान ना!" मी मुद्दाम थांबलो नाही. शर्टाची बटणंही आता माझी मीच लावतो, वेळ लागतो पण लागतात. खरं मशीन मलाच मिळालं यात शंका नाही. तुझ्या डोक्यावर टिचक्या मारत होते ना? माझ्या खुर्चीत तसं काही नव्हतं. नुसती टकटक कानाला, डोक्याला काही नाही. उगाच टोचतं ते दिखाऊ असणार. खऱ्या गोष्टीचा त्रास होत नाही.

एक गंमत सांगतो, पोटात ठेव. लहानपणी मला फिट यायची. वावरात, शाळेत, कुठेही आडवा. आई चप्पल हुंगवायची. लग्न झाल्यावर दोन-चार वर्षं तेच काम शकुबाईने केलं, मग आपोआप बंद झालं. डॉक्टरीणबाईंनी भरतीच्या दिवशी विचारलं, "कधी फिट आली होती का?" माझ्या आधीच्या माणसाने हो म्हटलं आणि त्याला तिथूनच घरी पाठवलं होतं. मी म्हटलं, नाही बाई, कधीच नाही. बघ, काही झालं का? उलट पायऱ्या उतरतो आहे.

लग्नाची तारीख धरली की कळव. मी येणार आणि पहिल्या पंगतीला बसणार.

घनश्याम


नेर,
६ जानेवारी २०२५

घनश्याम, जय भीम आणि तुझा राम रामही.

तारीख धरली. दोन मार्च, रविवार. आपली मशीनची दुसरी फेरी चोवीस फेब्रुवारीला सुरू होते. म्हणजे पहिला आठवडा संपतो आणि लग्न. मी मनात म्हटलं, असेल नशिबात तर याच आठवड्यात गळा उघडेल. पण खोट्या मशीनपुढे बसून काय उघडणार?

परवा विहारात वंदना होती. मी पुढे उभा राहिलो. 'बुद्धं सरणं' म्हटलं आणि मागून कोणीच म्हणेना. त्यांना मी सुरुवात केली हेच कळलं नव्हतं. पुन्हा म्हटलं. मग पेटी वाजवणाऱ्या एका पोराने माझ्या हातातला माइक हळूच घेतला आणि म्हणाला, "राहू द्या बाबा, मी घेतो." चांगला पोरगा आहे, त्याचं काही चुकलं नाही. तरी मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. माइकचं तू विचारशील म्हणून सांगतो. माइकमधून माझा श्वास मोठा ऐकू येतो, शब्द एकमेकांत गुरफटतात. नुसतं फुसफुस.

तुला मशीन लागू पडलं याचा आनंद आहे. खोटं कशाला बोलू, हेवाही वाटतो. रात्री पडल्यापडल्या वाटतं, ह्या माणसाला बटणं लावायची होती तर त्याला खरं मिळालं, आणि मला दहा मिनिटांचा आवाज हवा होता तर मला नुसत्या टिचक्या.

फिटचं लपवलंस हे बरं केलं नाहीस. त्या लोकांनी उगाच विचारलं नसेल. पण आता झालं ते झालं.

उकंडा


कळंब,
२० जानेवारी २०२५

उकंडा, जय भीम.

तुझं पत्र शकुबाईला वाचून दाखवलं नाही. विहारातला प्रकार वाचून मलाच कसंतरी झालं. दोन दिवस विचार केला, आता सांगतो ते शांतपणे वाच.

आमच्याकडे लाइनचा घोळ असतो. मोटार कधी रात्री चालते, कधी दिवसा. अशा वेळी शेजारी पाण्याची पाळी बदलतात. माझं वावर भिजलं असेल आणि त्याचं कपाशीचं पऱ्हाटं वाळत असेल तर मी म्हणतो, ह्या आठवड्याची माझी पाळी तू घे. यात कोणी कोणावर उपकार करत नाही. माझं वावर भिजलं आहे, उकंडा. माझी पाळी तू घे.

माझी सतरा नंबरची टोपी तू घाल, तुझी अठराची मी घालतो. कार्डंही बदलू. ओळखणार कोण? मशीन चालवणारा जुना पोरगा सोडून गेला, नवीन आला आहे, मी चौकशी केली. डॉक्टरीणबाई भरतीच्या दिवशी आणि शेवटच्या दिवशीच भेटतात. आणि आपली तोंडं ह्या रोगाने सारखीच करून ठेवली आहेत. हसलो तरी कळत नाही, रडलो तरी कळत नाही. तिथे माणूस कोण बघतो, टोपीवरचा नंबर बघतात.

माझी वेळ सकाळी दहाची, तुझी दुपारी तीनची. तू सकाळी बसून परत गेलास की लग्नाची कामंही होतील. मी दुपारी तुझ्या खुर्चीत टिचक्या खात बसतो. नाही म्हणू नको.

घनश्याम


नेर,
२ फेब्रुवारी २०२५

घनश्याम, राम राम.

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात नाही म्हटलं होतं. ही लबाडी आहे. ती बाई इतक्या लोकांची हाताची, पायाची, अक्षराची परीक्षा घेऊन काही शोधते आहे आणि आपण दोन म्हातारे तिच्या डोळ्यांत धूळ फेकणार. मी कंडक्टर असताना दुसऱ्याच्या पासवर बसलेल्या माणसाला भर रस्त्यात खाली उतरवलं आहे.

दुसऱ्या पत्रात तुझ्या फिटचं लिहिलं होतं. ते माझ्या मनातून जात नव्हतं. मग वाटलं, खऱ्या मशीनने दोन आठवडे तुला काही केलं नाही, तर नुसत्या आवाजाच्या मशीनने काय होणार? उलट त्यात तू जास्त सुरक्षित.

काल उर्वशी पत्रिका घेऊन आली. 'मंगल परिणय विधी' आणि त्यापुढे माझं नाव छापलं आहे. मी कोणाला सांगितलं नव्हतं, तिनेच छापून घेतलं. म्हणाली, "आबा, गाथा तुम्ही नाई म्हटली तं मले चालणारच नाई."

चोवीस तारखेला स्टँडवर भेटू. टोपी आणि कार्ड सोबत आणतो. हे आपल्या दोघांतच राहील.

तुझा
उकंडा


नेर,
१ मार्च २०२५

घनश्याम,

तू हे पत्र दवाखान्यातून घरी गेल्यावर वाचशील. मला आज निघता येत नाही, घर पाहुण्यांनी भरलं आहे आणि संघदीप, माझा मुलगा, मला दाराबाहेर पाऊल टाकू देत नाही. सोमवारी येतो. तोवर काल काय झालं ते तुला कळलं पाहिजे.

शुक्रवारी सकाळी तुझ्या जागेवर बसून मी परत आलो. आवाज मोकळा झाल्यासारखं वाटत होतं. बसमध्ये मी तिकीट मागितलं तर कंडक्टरने पहिल्याच खेपेला ऐकलं. इतका खूश होतो की नेरला उतरून तुझ्यासाठी टॉवेल-टोपी घेतली, लग्नात द्यायला.

सांजेला हळदीचा मांडव. डीजे सुरू. संघदीप हसत हसत मित्रांना सांगत होता, "दुपारी एक फोन आलता. म्हणे, तुमच्या वडलायले मशीनीवर फिट आली, बेशुद्ध हायेत, लवकर या. मी म्हटलं, बाप तं माह्यासमोर खाटेवर बसून चहा पिऊन राह्यला, दुसरं गिऱ्हाईक पाहा. त्यायनं पुन्हा लावला तं मी नंबरच ब्लॉक केला." सगळे हसले. आजकाल असे फसवणुकीचे फोन सगळ्यांनाच येतात. कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालं, "काय काका, फिट आली म्हणे!"

मला त्याच क्षणी कळलं. अठराच्या कार्डावर माझं नाव आणि संघदीपचा नंबर.

मी उठलो. ओरडलो, "तो घनश्याम होय!" घनश्याम, मी जीव तोडून ओरडलो आणि माझ्या शेजारच्या माणसाने मान डोलावली, त्याला वाटलं मी गाणं म्हणतो आहे. संघदीपची बाही ओढली, तो म्हणाला, "हाव बाबा, जेवण येऊन राह्यलं." डीजेवाल्यापर्यंत जायला निघालो तर पाय जमिनीला चिकटले, तुला माहीत आहे कसे चिकटतात ते. मग पत्रिकेच्या मागे लिहिलं. पहिला शब्द बरा आला, पुढचे मुंग्यांएवढे. ज्याच्या हाती दिलं त्याने खिशात ठेवलं. शेवटी उर्वशी हळदीच्या पाटावरून उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या तोंडाला कान लावला.

मग संघदीपने फोन केले, तुझ्या घरीही केला. रात्री त्याने सांगितलं, "बाबा, ते मधात शुद्धीवर आलते. नाव-गाव नीट सांगतलं म्हणे." तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

खोट्या मशीनने तुला फिट कशी आली हे मला समजत नाही. बरा हो. तू माझ्यावर चिडला असशील तर चिड, पण बरा हो.

उकंडा


कळंब,
१८ मार्च २०२५

उकंडाभाऊ,

माही सून निशिगंधा लिहून राह्यली, मी सांगून राह्यली. मी सांगीन तसंच लिही म्हटलं तिले.

तुमचं पत्र आलं तवा त्यायची तेरवी होऊन गेलती. पाकिटावर त्यायचं नाव होतं, म्हणून चार दिवस देवाजवळ ठेवलं. मंग फोडलं. आधीचे सगळे पत्रंही पेटीतून काढून वाचून घेतले.

तुम्ही त्या सोमवारी आलते, अंगणात उभे होते, मले माहीत हाय. मी खिडकीतून पाह्यलं. बाहेर नाई आली. काय बोलली असती मी तुमच्यासंग?

त्या दिवशी मी घरीच होती. फोन माह्या उशाशी होता. दवाखान्यानं तुमच्या घरी फोन केला, माह्या घरी कोणीच नाई केला. सांज झाल्यावर तुमच्या पोराचा आला. मी यवतमाळले पोचली तवा दुसरी फिट येऊन गेलती अन् उलटी छातीत गेलती. मले पाहून त्यायनं डोळेही उघडले नाई. रविवारी सकाळी गेले.

तुम्हाले समजत नाई ना फिट कशी आली? डॉक्टरीणबाईनं आता बंद कागद उघडून पाह्यला अन् मले बसवून सांगतलं. सतरा नंबरवाली मशीन खोटी होती. त्यायले पह्यल्या खेपेला काहीच देलं नव्हतं, नुसता आवाज. अठरा नंबरची खरी. तुमच्या मापाचा जोर त्यायच्या डोक्यात सोडला. ज्याले फिट येते त्याले ते चालतच नाई, म्हणून तं पुसत होते. म्हणजे चिंतामणीच्या पायऱ्या ते आपल्याच जोरानं उतरले होते. कोणत्याच मशीनीनं नाई. हे त्यायले कधीच समजलं नाई. मले लय वाईट वाटते त्याचं, त्यायनं आपल्या पायायले नावाजलं असतं ना.

आता एक सांगते, हे नर्सबाईनं मले सांगतलं. पह्यल्या फिटीनंतर ते जरासे शुद्धीवर आले. डॉक्टरनं पुसलं, नाव काय? म्हणे, उकंडा. गाव कोणतं? म्हणे, नेर. याच्याआधी कधी फिट आलती का? म्हणे, नाई, कधीच नाई. डॉक्टरले वाटलं माणूस चांगल्या शुद्धीवर हाय, बराबर सांगून राह्यला. तुमच्या पोराले जे नाव-गाव नीट सांगतलं म्हणून समजलं ना, ते हेच. तुमची जागा जाईन, नातीच्या लग्नाआधी तुमचं नाव काटतीन, म्हणून जीव चालला तरी तुमचंच नाव घेतलं. माहं नाव घेतलं असतं तं मले बोलावलं असतं. मले पुसलं असतं तं मी सांगतलं असतं. माह्या हातानं चप्पल हुंगवली मी त्यायले, मले माहीत होतं ना.

रडून झालं. आता राग हाय. तुम्हाले त्या फिटीचं माहीत होतं अन् तरी टोपी देली. त्यायनं मागितली म्हणून देली, हे खरं. पण देली काहून?

गावात लोक काहीबाही बोलतात. कोणी म्हणते मशीनीनं मारलं, कोणी म्हणते पेऊन गेले असतीन. माह्या पोरायले काही सांगता येत नाई. तुम्ही या. माह्या दारात, चार माणसायच्या समोर सांगा काय झालं ते. अन् त्यायची सतरा नंबरची टोपी तुमच्यापाशी असन तं घेऊन या. त्यायच्या डोक्याची हाय ते.

शकुबाई


नेर,
२५ मार्च २०२५

शकुबाई वहिनींना उकंडाचा जय भीम.

तुमचं पत्र उर्वशीने वाचून दाखवलं. ती सासरहून मुद्दाम आली होती. नाव सांगितल्याचं वाचताना तिला पुढे वाचवेना, तेवढं मी स्वतः वाचलं.

तुम्ही विचारलं, टोपी दिली का? मला आवाज हवा होता म्हणून दिली. दुसरं काहीही लिहिलं तर ते खोटं होईल. तो द्यायला तयार होता आणि मी घ्यायला तयार होतो.

लग्नात मी काही म्हटलं नाही. पत्रिकेवर नाव होतं, पण मला उभं राहवेना. विहारातल्या त्याच पोराने सगळं म्हटलं, चांगलं म्हटलं. आम्ही अक्षता म्हणून फुलं टाकत होतो त्याच वेळी तुम्ही त्याला घेऊन कळंबच्या रस्त्याला लागला होतात, हे मला दुसऱ्या दिवशी तुमच्या गल्लीत शिरल्यावर कळलं.

मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंकडे जाऊन सगळं माझ्या तोंडाने सांगितलं. त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मशीनचं काम त्यांनी बंद ठेवलं आहे. त्यांनी माझे जुने कागद दाखवले. पहिल्या फेरीनंतर माझं अक्षर जवळजवळ दुप्पट मोठं झालं होतं. मला ते दिसलंच नाही, मी गळ्याकडे बघत होतो. त्याला मात्र दिसलं होतं, पहिल्याच पत्रात त्याने लिहिलं होतं.

रविवारी सकाळच्या गाडीने येतो. टोपी माझ्याकडेच आहे, धुतलेली नाही. चार माणसं बोलवा, चाळीस बोलवा, मी सगळं सांगीन, फिटचं मला माहीत होतं तेही. एवढीच विनंती, या वेळी घरात राहू नका. बाहेर या आणि माझ्या अगदी जवळ बसा. अंगणात उभं राहून मी कितीही जोरात बोललो तरी माझा आवाज तुमच्या उंबऱ्यापर्यंत पोचत नाही.

उकंडा